कंसातलं नाव

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या सोमवारच्या आपल्या अंकात पान तीनवर, खाली डाव्या कोपऱ्यात, शनिवारी झालेल्या एका मैफलीची बातमी आहे. सहा ओळी आणि एक फोटो. फोटोत इंद्रधनुषी झेंडा, एका गायिकेचे रंगवलेले ओठ आणि तिच्या मागे अर्धवट कापला गेलेला ऑर्गन. त्या ऑर्गनवर माझा डावा कोपर दिसतो. म्हणजे या विषयावर बोलायचा मला कोपराएवढा तरी अधिकार आहे, असं धरून चालतो.

त्या सहा ओळींत ‘रंग’ हा शब्द चार वेळा आला. राग एकदाही नाही. कोण काय गायलं, कसं गायलं, तबला कसा वाजला, वन्समोर कशाला मिळाला, यातलं काहीच नाही. अडीच तास नाट्यपदं चालली होती, पण बातमी वाचणाऱ्याला वाटावं की तिथे नुसती रंगपंचमी झाली.

मी बेचाळीस वर्षं नाट्यपदांना ऑर्गनची साथ करतोय. राज्य नाट्यस्पर्धा, शाळांच्या स्पर्धा, जयंत्या, पुण्यतिथ्या, गणेशोत्सव, लग्नाच्या आदल्या संध्याकाळी व्याह्यांना ऐकवायच्या बैठका, सगळं केलं. आपल्याकडे या कार्यक्रमांचे वृत्तान्त येतात. कौतुकाचे येतात, झोडपणारे येतात, पण गाण्याचे येतात. एकदा आपल्याच समीक्षकांनी ‘ऑर्गन गायकाच्या अंगावर येत होता’ असं लिहिलं होतं. ते कात्रण मी अजून जपून ठेवलंय, कारण ते खरं होतं. शनिवारच्या कार्यक्रमाला मात्र समीक्षक आले नाहीत, शहर पानाचा वार्ताहर आला. तो चांगला मुलगा होता. त्याच्याविषयी पुढे लिहायचंच आहे.

आधी हे प्रकरण माझ्याकडे कसं आलं ते सांगतो. मार्चमध्ये दोन मुलं घरी आली. जूनमध्ये ‘प्राइड’चा कार्यक्रम करायचाय, सगळी नाट्यपदंच, आणि हार्मोनियम नको, पायाने भाता मारायचा ऑर्गनच हवा, म्हणाली. मला वाटलं प्राइड हे एखाद्या नव्या सोसायटीचं नाव असणार; हल्ली बिल्डर लोक असलीच नावं ठेवतात. प्राइड म्हणजे समलिंगी आणि ट्रान्सजेंडर माणसांचा स्वाभिमानाचा सोहळा, असं मुलांनी न हसता समजावून सांगितलं, हे त्यांचं मोठेपण. जूनच का, असं विचारल्यावर दोघांनी दोन तारखा सांगितल्या. एकाने सांगितली २८ जून १९६९. त्या पहाटे न्यूयॉर्कमधल्या स्टोनवॉल इन नावाच्या, समलिंगी माणसं जमायची त्या बारवर पोलिसांची धाड पडली, आणि एरवी मान खाली घालून गाडीत चढणारी माणसं त्या दिवशी चढेनात. दुसऱ्याने सांगितली २६ जून १८८८. ती मला कुणी सांगायला नको. तो बालगंधर्वांचा जन्मदिवस. १९६८ साली त्याच तारखेला बालगंधर्व रंगमंदिर उघडलं, तेव्हा मी शाळेत होतो. मुलांनी त्याच आठवड्यातल्या शनिवारी एक छोटं सभागृह धरलं होतं. मी ‘हो’ म्हटलं ते तारखेमुळे की ऑर्गनमुळे, आता सांगता येणार नाही. ऑर्गन हल्ली कुणी मागत नाही. दुसऱ्या मजल्यावरून उतरवायला चार हमाल लागतात, टेम्पो लागतो आणि वर माझी किरकिर ऐकावी लागते.

आता गुरुवारच्या अंकातलं वाचकाचं पत्र. ‘पुरुषाने शालू नेसून स्त्रीचं पद म्हणावं ही कुठली संस्कृती?’ असं त्या गृहस्थांनी विचारलं आहे. शनिवारी ते हजर नव्हते; ‘आपल्या वृत्तपत्रातून समजले’ असं त्यांनीच लिहिलं आहे. उत्तर सोपं आहे. ही आपलीच संस्कृती. १८८२ साली ‘सौभद्र’ रंगभूमीवर आलं. किर्लोस्कर मंडळीत भाऊराव कोल्हटकर सुभद्रा झाले आणि त्यांच्या आवाजावर अख्खा महाराष्ट्र लुब्ध झाला. १९१६ साली ‘स्वयंवर’ आलं, त्यात नारायणराव राजहंस, म्हणजेच बालगंधर्व, रुक्मिणी झाले. त्यांचं शालू नेसणं, अंबाडा, नथ यांची नक्कल घरंदाज बायका करत होत्या, हे त्या गृहस्थांच्या आजीला विचारता आलं असतं. ८ जुलै १९२१ रोजी टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झालं. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. प्रेमात पडणारे दोघंही पुरुष, आणि तिकिटांसाठी झुंबड. बायकांच्या नाटक मंडळ्याही होत्या, त्यांत बायकाच मिशा लावून राजे व्हायच्या. यातलं काही मी कपाटातून शोधून काढलेलं नाही. नाट्यसंगीत म्हटलं की पहिल्या इयत्तेत हेच शिकवतात.

पण मैफलीच्या निवेदकाशीही माझं भांडण आहे, तेही इथेच उरकतो. बालगंधर्वांचा फोटो दाखवून तो ‘आपल्यापैकीच एक’ असं म्हणाला. मला ते पटलं नाही. बालगंधर्व रंगमंचावर स्त्री होते आणि घरी संसारी गृहस्थ. त्यांच्या खासगी आयुष्याची ढाल कुणी करू नये, आणि त्यांच्या शालूची काठी करून गुरुवारच्या पत्रलेखकांसारखं कुणाला मारूही नये. मध्यंतरात मी हे त्याला सुनावलं. तो म्हणाला, ‘काका, आपल्यापैकी म्हणजे गाणाऱ्यांपैकी, असं म्हणायचं होतं मला.’ खरंखोटं देव जाणे. पण उत्तर हजरजबाबी होतं, आणि तिथून पुढे त्याचं निवेदनही आटोक्यात आलं.

आपल्या समीक्षकांनी जे लिहायला हवं होतं ते आता मी लिहितो. साथीदाराने समीक्षा करू नये, ठाऊक आहे. पण दुसरं कुणी करत नाही म्हटल्यावर काय करणार!

तिसरी घंटा होऊन पडदा सरकला. नांदी अर्थातच ‘पंचतुंड’. अकरा गळे, बायका वरच्या सप्तकात आणि पुरुष खालच्या, आणि दोन जण मधेच कुठेतरी. नांदीत हौशी मंडळी हमखास धावतात. ही धावली नाहीत. शेवटच्या ओळीला पखवाजावर थाप अशी पडली की मी भाता मारायचा क्षणभर विसरलो. पखवाजवाल्या मुलीचं वय वीस असेल. तिच्याबद्दल आपल्या बातमीत एक ओळ यायला हवी होती.

फोटोत आपण जिचे ओठ छापलेत, तिने ‘मर्मबंधातली ठेव ही’ म्हटलं. हे पद ‘संन्यस्त खड्ग’मधलं, १९३१ सालचं, आणि मास्टर दीनानाथांनी अजरामर केलेलं. दीनानाथ स्वतःही स्त्रीभूमिका करायचे. शालू नेसली होती ती हीच, आणि ती पुरुष नाही. ती बाई आहे. ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांच्या सहीचं ओळखपत्र तिच्याकडे आहे. माझ्याकडे मी पुरुष असल्याचा असा काही कागद नाही. माझं आपलं तसंच चाललंय.

तालमीत तिच्याशी माझे दोन दिवस पट्टीवरून खटके उडाले. तिला पांढरी चार, म्हणजे वरची पट्टी, हवी होती. मी म्हटलं, तार सप्तकात चिरशील. तेव्हा तिने मला एक गोष्ट सांगितली, जी बेचाळीस वर्षांत मला कुणी सांगितली नव्हती. जन्माने मुलगा म्हणून वाढलेल्या माणसाचा आवाज एकदा फुटला की पुढे औषधं घेऊन तो वर चढत नाही. उलट, मुलगी म्हणून वाढलेल्याने पुरुषाची संप्रेरकं घेतली तर आवाज खाली उतरतो, आणि मग तो उतरलेलाच राहतो. म्हणजे एकाला पट्टी आपोआप मिळते आणि दुसरीला ती रियाजाने कमवावी लागते. शेवटी पांढरी दोनवर तडजोड झाली. म्हणाली, ‘पट्टी चढवली म्हणजे बाई झाले असं थोडंच आहे काका, लगाव बाईचा हवा.’ आणि लगाव होता. पटदीपचा निषाद तिने असा हलकेच ठेवला, की ओंजळीतलं पाणी न सांडता कुणाच्या हाती द्यावं. हरकती थोड्या, तान एकच, तीही जरा घाबरत घाबरत. पण ‘ठेव’ या शब्दावर ती थांबली, तेव्हा तबलजीने ठेका एकदम दबका केला. असं सांगून होत नसतं.

‘स्वयंवर’मधलं रुक्मिणीचं ‘नाथ हा माझा’ एका बँकेत काम करणाऱ्या गृहस्थांनी म्हटलं. वय पन्नाशीचं, अंगात साधा खादीचा झब्बा, शालूबिलू काही नाही. हे पद आजवर किती पुरुषांनी मैफलीत म्हटलं असेल याची मोजदाद नाही. मीच शंभराच्या वर गायकांना साथ केली असेल. श्रोते डोळे मिटून यमन ऐकतात, नाथ कोण असं कुणी विचारत नाही. शनिवारी फरक एवढाच पडला की गाणारे गृहस्थ डोळे उघडे ठेवून गायले, आणि तिसऱ्या रांगेत कडेला बसलेल्या एका माणसाकडे बघून गायले. दोघं सतरा वर्षं एका घरात राहताहेत. त्यातली पहिली काही वर्षं त्यांचं घर म्हणजे कायद्याने गुन्हा होता. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तो गुन्हा पुसला. लग्नाचा अर्ज मात्र २०२३ च्या ऑक्टोबरात त्याच न्यायालयाने फेटाळला. म्हणजे नाथ आहे, स्वयंवर नाही. तिसऱ्या रांगेतल्या माणसाने पद संपेपर्यंत चष्मा चार वेळा पुसला. मी समोरच बसलो होतो, त्यामुळे मोजता आलं. यमनात काही ठिकाणी तीव्र मध्यम किंचित उतरला हेही नोंदवतो. वन्समोर या पदाला मिळाला.

पहिला वन्समोर दिला तो पहिल्या रांगेतल्या एका आजींनी. ऐंशीच्या पुढच्या असाव्यात. बाहेरच्या फलकावर ‘नाट्यपदे’ एवढंच वाचून त्या आत आल्या होत्या. झेंडे पाहून सत्यनारायण आहे का, असंही त्यांनी विचारलं म्हणे. शेवटपर्यंत बसल्या. जाताना त्यांनी आयोजकांकडे रीतसर तक्रार केली, की माइकमध्ये घरघर येत होती.

‘कट्यार’मधलं ‘घेई छंद’ मात्र साफ कोसळलं. या पदाच्या नाटकात दोन चाली आहेत. दोन तरुणांनी त्या एकापाठोपाठ गायचा घाट घातला. पहिली बरी चालली. दुसरीत शिरताना लय वाढली, ती वाढतच गेली, आणि पुढे सम कुठे होती ते मलाही कळलं नाही आणि तबलजीलाही. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. लोकांनी तरीही टाळ्या वाजवल्या. मला हे आवडलं नाही. कार्यक्रम कुणाच्याही हक्कांसाठी असो, बेताल ते बेताल. ‘हे सुरांनो चंद्र व्हा’ ठीक. चारुकेशी सोपा नाही, आणि गाणारी मुलगी सर्दीने बेजार होती. शेवटी भैरवीला ‘अगा वैकुंठीच्या राया’ सगळ्यांनी मिळून म्हटलं.

एक पद मी मुद्दाम मागे ठेवलं आहे. ‘सौभद्र’मधलं, ‘वद जाऊं कुणाला शरण गं’.

‘सौभद्र’ची गोष्ट वाचकांना सांगायला नको. थोरला भाऊ बलराम सुभद्रेचं लग्न दुर्योधनाशी ठरवतो. तिला अर्जुन हवा आहे. तिला कुणी विचारत नाही. आता जावं कुणाकडे, असं ती सखीला विचारते. घरच्यांनी परस्पर लग्न ठरवलं आणि आपल्या मनातलं तर उच्चारण्याचीही सोय नाही, ही अडचण शनिवारच्या अकरा जणांपैकी निदान सात जणांची होती. हे मी त्यांच्याच तोंडून ऐकलं.

हे पद एका तरुणाने म्हटलं. काळी एकमध्ये, भरदार आवाजात. तो आठवीत होता तेव्हा एका आंतरशालेय स्पर्धेत मी त्याला याच पदाला साथ केली होती. तेव्हा पट्टी होती पांढरी पाच. दोन वेण्या, परकर-पोलकं, कपाळावर चंद्रकोर. पहिला नंबर आला होता. परीक्षकांनी शेऱ्यात लिहिलं होतं, ‘भाव उत्तम’. तालमीच्या पहिल्या दिवशी त्याने मला ओळखलं, मी त्याला नाही. त्याने तो शेरा सांगितला, तेव्हा मला सगळं आठवलं. तो हसून म्हणाला, ‘काका, भाव उत्तम असणारच होता.’

तालमी संपल्यावर आम्ही बसायचो. एकदा त्याने सांगितलं की नववीचं अख्खं वर्ष तो भूतकाळात बोललाच नाही. मला कळेना. तो म्हणाला, ‘बघा ना, मी गेले म्हणायचं की मी गेलो? मराठीत सुटकाच नाही. मग मी म्हणायचो, माझं जाणं झालं. माझं जेवण झालं. मला उशीर झाला.’ वर्गात त्याला सगळे ‘पंतोजी’ म्हणायचे, एवढं जड बोलतो म्हणून. मी जन्मभर मराठी बोलतोय. या भाषेत प्रत्येक क्रियापदापाशी एक नाका आहे, हे मला कधी कळलं नव्हतं.

शनिवारी त्याने ‘शरण’वर आलाप घेतला, तो लांबवला नाही. एरवी सगळे सुभद्रा रडवतात. त्याने ती रडवली नाही. त्याची सुभद्रा विचारत होती, खरोखर उत्तर हवं असल्यासारखी. पद संपल्यावर दोन-तीन क्षण टाळ्याच आल्या नाहीत. साथीदाराला त्या दोन-तीन क्षणांची किंमत ठाऊक असते.

आता आपला वार्ताहर.

कार्यक्रम संपला, मी ग्रीनरूममध्ये चहा घेत होतो. तो मुलगा अदबीने आला, पाया पडला. मला फार आनंद झालेला होता. त्याने पदांबद्दल काही विचारलं नाही. विचारलं ते असं, ‘काका, या लोकांबरोबर तुम्ही पहिल्यांदाच वाजवलंत का?’ मी म्हटलं, छे! तो सुभद्रेचं पद म्हणणारा, त्याला मी शाळेत साथ केली आहे, तेव्हा तो… आणि मी नाव घेतलं. शाळेतलं. बक्षीस समारंभात पुकारतात तसं आडनावासकट. वार्ताहराने फोनवर काहीतरी टिपलं. मी आणखी एक चहा मागितला.

सोमवारी सहा ओळींतल्या चौथ्या ओळीत त्याचं आजचं नाव आलं आणि पुढे कंसात ‘पूर्वाश्रमीची’ म्हणून ते दुसरं. सबंध बातमीत फक्त एका माणसाचं नाव कंसात आहे. गाण्याबद्दल काहीच नसलेल्या बातमीत माझ्याकडून एवढीच माहिती गेली.

राजपत्रात नाव बदलून त्याला चार वर्षं झाली. आधार, पॅन, बँक, नोकरी, सगळीकडे नवं नाव आहे. उपनगरात तो भाड्याने राहतो आणि त्या इमारतीत कुणाला काही माहीत नव्हतं. नव्हतं असं मी लिहितोय. सोमवारी संध्याकाळी घरमालकांचा फोन आला की अकरा महिन्यांचा करार ऑगस्टमध्ये संपतोय, तर पुढचं ‘जरा बसून बोलू’. हेच घरमालक गणपतीत त्याला आरतीला पुढे उभं करायचे, आवाज खणखणीत आहे म्हणून.

चूक वार्ताहराची म्हणाल तर अर्धीच. त्याने कलाकाराला एकदा विचारायला हवं होतं. पण नाव मी दिलं. साथीला बसणाऱ्याला गुरू पहिली गोष्ट शिकवतो, की गायकाच्या पुढे जायचं नाही. त्याने जो स्वर अजून लावला नाही, तो तू दाखवायचा नाहीस. बेचाळीस वर्षं मी हे पाळलं, निदान ऑर्गनवर. सौ. म्हणाली, ‘साथीला बोलावलं होतं ना? मग बोलत कशाला बसलात?’ तिच्यापुढे मला उत्तर देता आलं नाही.

तीन दिवस त्याने माझा फोन उचलला नाही. चौथ्या दिवशी उचलला. मी बोलायला सुरुवात करायच्या आत त्याने विचारलं, ‘ऑर्गन नीट पोचला का? जिन्यात पाय आदळला होता म्हणे.’ मी म्हटलं, पोचला, डावा पाय जरा हलतोय. तो म्हणाला, त्याच्या ओळखीचा सुतार आहे, पाठवतो. मग मी जे बोलायचं ते बोललो. तो ऐकून घेत होता. ‘बघू’ म्हणाला. माफ केलं असं म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही.

हे पत्र मी त्याला आधी वाचून दाखवलं आहे. त्याने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली. परकर-पोलक्याचं राहू दे म्हणाला; ते पोलकं त्याला आवडायचं.

आता माझी विनंती. अंक छापून गेला, घरोघरी रद्दीत गेला, त्याला इलाज नाही. पण तीच बातमी आपल्या संकेतस्थळावर आहे, आणि त्याचं नाव शोधलं की सर्वांत वर तीच येते. त्यातला कंस आणि कंसातला मजकूर काढून टाकावा. दुरुस्तीची चौकट छापू नये. चौकट छापली की न वाचलेलेही वाचतील. मुकाट्याने काढावा. फोटोखालच्या ओळीतही तेच नाव आहे, ते राहून जाऊ नये. आणि कंस निघाल्याशिवाय हे पत्र छापू नये, नाहीतर हे वाचून लोक तिकडे शोधायला जातील. महिनाभर थांबावं लागलं तरी चालेल. पत्र लांबलंय, काटछाट करायची तर ‘घेई छंद’चा परिच्छेद काढा, ती मुलं नाहीतरी माझ्यावर चिडलेलीच आहेत.

पुढच्या जूनमध्ये पुन्हा कार्यक्रम आहे. आपल्या समीक्षकांना पाठवावं. पहिल्या रांगेत खुर्ची ठेवतो, माइकची घरघर तोवर दुरुस्त करून घेऊ. त्यांना वाईट वाटलं तर वाईट लिहू दे.

माझं नाव आणि पत्ता सोबतच्या वेगळ्या कागदावर आहे, तो फक्त आपल्यासाठी. छापू नये. मला लाज वाटते किंवा भीती वाटते म्हणून नव्हे; पुण्यात ऑर्गन वाजवणारे असतील किती, आणि माझ्या नावावरून कुणालाही ती जुनी स्पर्धा, ते वर्ष आणि पहिला नंबर शोधून काढता येईल.

आपला,
एक ऑर्गनवादक
पुणे ३०